भाऊ अंगावर घेत नाहीत

झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर खालून वर वाचायचं असतं. वर नाटकाचं नाव आणि वडशाच्या नाट्यमंडळातल्या नटनट्यांचे फोटो. खाली बारीक अक्षरांत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी असा सगळ्या गावाचा सातबारा. भाऊ या यादीत नेहमी सहउद्घाटक असतात. उद्घाटक म्हणजे आमदार, त्यांना येऊन भाषण करावं लागतं आणि रस्त्याचं काय झालं ते ऐकावं लागतं. अध्यक्ष म्हणजे सरपंच, मांडव कोसळला तर लोक त्यालाच धरतात. दीपप्रज्वलकाला थंडीच्या वाऱ्यात रात्री अकरा वाजता समई पेटवावी लागते. सहउद्घाटकाला काहीही करावं लागत नाही आणि फोटोत मात्र तो उद्घाटकाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. तीस नावांच्या यादीतून ही एक जागा हेरायला जे डोकं लागतं, त्याच डोक्यावर भाऊंचा धंदा चालतो.

धंदा कोणता, ते पोस्टरवर नसतं. तिथे ‘सुप्रसिद्ध समाजसेवक’ एवढंच छापलेलं असतं.

भाऊ म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीत मूल, राजुरा, ब्रह्मपुरी, वडसा, अहेरी, कुठेही उतरा आणि पानठेल्यावर नुसतं ‘भाऊ कुठे राहतात जी?’ असं विचारा. कोणते भाऊ, असं कोणी उलट विचारत नाही. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर अष्टगंध, पायात साधी चप्पल. अख्खा जिल्हा खर्रा घोटतो, भाऊ सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाऊ जुगार खेळत नाहीत. पोळ्याला, दिवाळीला घरातले लोक गंमत म्हणून पत्ते घेऊन बसले तरी ते उठून आत जातात. तालुक्यात नशिबावर काडीचाही विश्वास नसलेला हा एकमेव माणूस. गावातल्या देवळांना सगळ्यात जास्त देणगी देणाराही हाच.

भाऊंची कारकीर्द बसस्टँडजवळच्या एका ठेल्यावर, कार्बन घातलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सुरू झाली. सट्टापट्टी लिहायची, संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्यांची उतारी वर पाठवायची, रुपयामागे ठरलेले पैसे घ्यायचे. या विद्येचे मूळपुरुष मुंबईचे. कल्याणजी भगत यांनी 1962मध्ये वरळीत मटका सुरू केला, रतन खत्री यांनी 1964मध्ये आपला न्यू वरळी मटका काढला. त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडला किती आणि बंद झाला किती, यावर पैसे लावत. पुढे तो भाव येणं बंद झालं, तेव्हा या दोघांनी आकडे घरीच काढायची सोय केली. आमच्या वरोरा-राजुऱ्याच्या शेतकऱ्याला स्वतःच्या कापसाचा भाव कधी धड कळला नाही. पण कापसाच्या नावाने निघालेला ओपन-क्लोज मात्र पोस्टमन यायच्या आधी कळायचा.

मटक्याचं गणित भाऊंना पहिल्याच आठवड्यात समजलं, आणि ते खेळणाऱ्यांना साठ वर्षांत समजलेलं नाही. आकडे दहा. आकडा लागला तर रुपयाला नऊ. जोड्या शंभर, लागली तर नव्वद. म्हणजे दहाही आकड्यांवर सारखा पैसा आला, तर नऊ वाटून एक घरात. प्रश्न फक्त एका आकड्यावर भलताच पैसा आला तर काय, एवढाच. त्याचं उत्तर भाऊंच्या उस्तादाने दिलं. जास्तीचा माल आपल्याकडे ठेवायचा नाही, वरच्याकडे लावून मोकळं व्हायचं. याला कटिंग म्हणतात. ‘अंगावर घेऊ नको पोट्ट्या,’ उस्ताद म्हणाला. ‘ज्यानं अंगावर घेतलं तो गेला.’ भाऊंनी हे वाक्य जन्मभर पाळलं. उस्तादाने एका दिवाळीला स्वतः पाळलं नाही. तो आता भाऊंच्या गोडाऊनची राखण करतो आणि भाऊ त्याला दर महिन्याला औषधाचे पैसे देतात. भाऊंचं हे पहिलं दान.

मग क्रिकेट आलं. आधी लँडलाइनवरचा डब्बा होता, त्यातून एक अखंड बोलणारा आवाज भाव सांगायचा, आणि समोरच्या टीव्हीवर बॉल पडायच्या आत आवाजाला तो पडल्याचं कळलेलं असायचं. मग मोबाइल आले, एका पेटीत दहा-दहा. धाड पडली की पोलीस पेटीतले मोबाइल ओळीने मांडून फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं आणि तिसऱ्या दिवशी नवी पेटी. आणि शेवटी आली आयडी. कागद नाही, कार्बन नाही, ठेला नाही. भाऊंनी वरून पॅनल घ्यायचं, खाली पोट्ट्यांना आयडी वाटायच्या, पोट्ट्यांनी पॉइंट विकत घ्यायचे. पैजा घेण्याची खायवाडी सर्व्हरवर, सर्व्हर कुठल्या देशात ते भाऊंनाही माहीत नाही. पैसे भाड्याच्या खात्यात. खातं एखाद्या मजुराचं, पासबुक आणि सिमकार्ड तिसऱ्याच्या खिशात. आता उतारी घेऊन सायकल मारत जायला नको. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून गेली की भामरागड जगापासून तुटतं, भाजी तुटते, डॉक्टर तुटतो. पूर ओसरायची वाट आयडीला पाहावी लागत नाही. टॉवर चालू असला की झालं.

या धंद्याचे मोठे लोक आमच्या शेजारचेच. गडचिरोलीच्या पूर्वेला राजनांदगाव, त्यापलीकडे भिलाई. भिलाईत ज्यूसचं दुकान चालवणारा सौरभ चंद्राकर आणि त्याचा जोडीदार रवी उप्पल यांनी दुबईत बसून महादेव नावाचं सट्ट्याचं अ‍ॅप चालवलं, ओळखीच्या लोकांना 70-30च्या हिश्श्याने पॅनल वाटले, आणि चंद्राकरच्या फेब्रुवारी 2023मधल्या रास अल खैमाच्या लग्नात सुमारे 200 कोटी रुपये रोख उडवले, असं ईडीचं म्हणणं आहे. ही बातमी भाऊंनी दोनदा वाचली. ‘धंद्यानं नाही मारलं त्याले,’ ते म्हणाले, ‘लग्नानं मारलं.’ त्यानंतर भाऊंनी आपल्या मुलीचं लग्न स्वतःच भरवलेल्या सामूहिक विवाह सोहळ्यात लावलं. मांडव एक, बँड एक, जेवण एक. पत्रिकेत मुलीचं नाव इतर वधूंच्या मध्ये कुठेतरी अकारविल्हे. लोक गहिवरले. एवढा मोठा माणूस, पण पोरीचं लग्न गरिबाच्या पोरींसोबत! वर्गणी गावातल्या दहा व्यापाऱ्यांनी दिली होती.

भाऊंचा हंगाम पंचांगात सापडत नाही. मार्च-एप्रिलात मोह पडतो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो, पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे पैसे हातात येतात. धान विकलं की चुकारे, मग बोनस. या सगळ्या तारखा आदिवासी विकास महामंडळापेक्षा भाऊंना आधी ठाऊक असतात. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट, रात्रभर नाटक. आडरानात कोंबडाबाजार भरतो, कोंबड्याच्या पायाला काती बांधतात आणि दोन मिनिटांत निकाल. भाऊ तिथे जात नाहीत. रक्त त्यांना बघवत नाही, आणि त्या धंद्यात कटिंगची सोय नाही.

दारूबंदीने भाऊंना घडवलं हे मात्र कोणी लिहीत नाही. गडचिरोलीत 1993पासून दारू बंद. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015ला बंद झाली ती 2021मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत भाऊंच्या वर्गातले अर्धे पोट्टे दारूच्या तस्करीत गेले. पैसा होता. पण बाटलीला वजन असतं, वास असतो, ती फुटते, गाडी लागते, नाका लागतो. ‘बाटली पकडता येते,’ भाऊ म्हणायचे, ‘आकडा कोण पकडन?’ ठाणेदार बाटल्या मोजण्यात गुंतले होते. आकडे मोजायला कोणी नव्हतं. बंदी उठली तेव्हा बाटलीवाल्यांचा धंदा एका रात्रीत बसला, भाऊंनी तोवर दुमजली बांधली होती.

आता समाजसेवा. इथे भाऊंची एक खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल मला त्यांची थोडी कीव येते. या दोन जिल्ह्यांत समाजसेवेची पातळी आधीच फार उंच नेऊन ठेवलेली आहे. बाबा आमटेंनी वरोऱ्याला माळरानावर आनंदवन उभं केलं. हेमलकशाला 1973पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. गडचिरोलीजवळ बंग पती-पत्नींचं शोधग्राम आहे. लेखा-मेंढ्याच्या गावकऱ्यांनी अख्ख्या जंगलाचा हक्क ग्रामसभेच्या नावावर करून घेतला. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात वह्या वाटून माणूस कर्मवीर होतो. इथे वह्या वाटल्या तर लोक वही उलटून मागचा फोटो बघतात आणि म्हणतात, ‘पानं कमी हायेत जी.’ भाऊंना हे ठाऊक आहे. एकदा कोणीतरी आमटेंचं नाव काढलं तेव्हा ते प्रांजळपणे म्हणाले, ‘त्यायनं आयुष्य दिलं. आपल्यापाशी तेवढा टाइम नाही. आपण पैसे देतो.’

आणि देतात. पण देण्याची पद्धत बघा. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला सरबत. महाशिवरात्रीला मार्कंड्याला फराळाची खिचडी. 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी 1956मध्ये जिथे दीक्षा दिली त्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पाण्याचे टँकर. उर्साला चादर. गणपती तीन मंडळांचे, तिघांना सारखीच रक्कम, एक रुपया इकडे-तिकडे नाही. कबड्डीचे सामने, शवपेटी, रक्तदान शिबिरात केळी. कोणत्याही एका देवावर, एका वॉर्डावर, एका जातीवर, एका पक्षावर जास्तीचा माल पडलेला नाही. मी हे बराच काळ सर्वधर्मसमभाव समजत होतो. ही सरळसरळ कटिंग आहे. उद्या कोणताही आकडा लागो, भाऊंचं घर सलामत.

जगातल्या मोठ्या माशांची माहितीही भाऊ ठेवतात. इंग्लंडात स्टोक शहरात डेनिस कोट्स नावाच्या बाईंनी मोटारी उभ्या करायच्या आवारात एका तात्पुरत्या खोलीतून ऑनलाइन बेटिंग सुरू केलं, 2012मध्ये धर्मादाय संस्था काढली, आणि मार्च 2020ला संपलेल्या एका वर्षात 42 कोटी पौंडांच्या घरात पगार घेतला. यातलं भाऊंना काय आवडलं? पगार नव्हे. बाईंवर त्यांचं सरकार उलट टॅक्स लावतं आणि मान देतं, हे. ‘तिकडं हे काम दिवसा करता येते,’ एवढंच ते बोलले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा दुःख ऐकलं.

दिवसा करता येणारं आपल्याकडेही होतं. फँटसी क्रिकेटचं ड्रीम11 मुंबईच्या हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी काढलं, 2020च्या आयपीएलला नाव दिलं, पुढे भारतीय संघाच्या छातीवर बसलं. कोर्टाने त्याला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. रमीला तर सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच कौशल्य मानलं. भाऊंना हा अपमान वाटायचा. त्यांच्याही पोट्ट्यांचं कौशल्य काही कमी नव्हतं.

मग 2025चा जुलै आला. विधान परिषदेत बसून कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळतायत असा व्हिडिओ फिरला. खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. आमच्याकडच्या ठेल्यावर चार दिवस दुसरा विषय नव्हता. भाऊंनी कृषिमंत्र्यांच्या बाजूने एक शब्द काढला नाही, विरुद्धही काढला नाही. अंगावर कशाला घ्या?

ऑगस्टमध्ये तर कायदाच आला. 20 तारखेला लोकसभा, 21ला राज्यसभा, 22ला राष्ट्रपतींची सही. पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य असो की नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम11ने पैशाचे सामने गुंडाळले, संघाच्या छातीवरून नाव उतरलं. ज्यांचं कायदेशीर होतं त्यांचं आठवड्यात बंद झालं. भाऊंचं 1887च्या जुगारबंदी कायद्यापासूनच बेकायदेशीर होतं, त्यामुळे त्यांना नव्याने बंद करण्यासारखं काही नव्हतं. उलट ड्रीम11वर एकोणपन्नास रुपयांत टीम लावणारे हौशी पोट्टे आता रिकाम्या हाताने भाऊंच्या दाराशी आले. भाऊंनी कायद्याचं जाहीर स्वागत केलं. पेपरात तिसऱ्या पानावर चौकट आली.

त्याच वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. दुर्गा उत्सव मंडळाचा खजिनदार, बी.एस्सी. झालेला हुशार पोट्टा, पावतीपुस्तक घेऊन भाऊंच्या ओसरीवर बसला होता. रडून डोळे सुजलेले. आदल्या रात्री, 28 सप्टेंबरला, आशिया चषकाची फायनल. पाकिस्तान 1 बाद 113. खजिनदाराने हिशेब केला की एकशे ऐंशी कुठे जात नाहीत, आणि मंडळाची वर्गणी लावली. कुलदीपने चार घेतले, पाकिस्तान 146ला संपलं. वर्गणीही संपली. भारत जिंकला म्हणून बाहेर फटाके फुटत होते आणि हा मांडवात देवीसमोर डोकं धरून बसला होता.

भाऊंनी त्याला पाणी दिलं. चहा दिला. कोणी, कुठे, कोणत्या आयडीवर, असा एक प्रश्न विचारला नाही. आयडी त्यांच्या पुतण्याची होती.

‘महाप्रसादाले किती लागतात?’

‘अठरा हजार, भाऊ.’

‘मूर्तीवाल्याचे देले का?’

‘नाही.’

भाऊ आत गेले, अकरा हजार आणून त्याच्या हातावर मोजले. ‘बाकीचे पोट्ट्यायकडून जमव. अन् पावती फाड.’ पोट्ट्याने पावती फाडली. भाऊंनी ती चष्मा लावून वाचली, नावापुढे ‘समाजसेवक’ राहिलं होतं ते लिहून घेतलं. खजिनदार पाया पडला. अंगणात त्याच्यासोबत आलेले दोघे एकमेकांकडे बघत होते. त्यातला एक हळूच म्हणाला, ‘आपलेच पैसे वापस आले ना बे?’ दुसरा म्हणाला, ‘सात हजार कमी.’ पण महाप्रसाद झाला, आणि माइकवर भाऊंचं नाव तीनदा घेतलं गेलं. तीनही वेळा घोषणा खजिनदाराने केली, मनापासून केली. त्याच्या आवाजात खोटं नव्हतं. भाऊंनी लुटलं, हे त्याला कळत होतं. भाऊंनी वाचवलं, हेही खरं होतं. या दोन्हींची बेरीज मला आजवर जमलेली नाही, त्याला कशी जमावी.

डिसेंबरात नगर परिषदेच्या निवडणुका होत्या. चार पक्षांनी भाऊंना तिकीट देऊ केलं. भाऊंनी हात जोडले, चौघांच्याही प्रचाराच्या गाड्यांत डिझेल टाकलं आणि निकालाचा भाव खोलला.

आणि जानेवारीत शाळेचा कार्यक्रम झाला. विषय ‘ऑनलाइन जुगार : एक सामाजिक शाप’. टी-शर्ट, पोहे, बॅनर सगळं भाऊंकडून. बॅनरवर सौजन्य म्हणून फक्त ‘एक हितचिंतक’ आणि वर त्यांचा गॉगलमधला फोटो. ठाणेदारसाहेब उद्घाटक, भाऊ सहउद्घाटक. साहेब बोलले, कलमं सांगितली, पोरं जांभया द्यायला लागली. मुख्याध्यापकांनी भाऊंना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. भाऊ सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी माइक हातात घेऊन उभे राहिले आणि खरोखर चांगलं बोलले. दहा आकड्यांचं गणित फळ्यावर मांडून दाखवलं. दहा पोरांना उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक खडू दिला, एका पोराला जिंकवलं, त्याला नऊ खडू दिले आणि दहावा स्वतःच्या खिशात ठेवला. उरलेले परत वाटून पुन्हा खेळवलं, पुन्हा एक खिशात. पाच-सहा डावांत पोरांच्या हातातले खडू निम्म्यावर आले आणि भाऊंच्या पांढऱ्या खिशावर भुकटी उठली. असा धडा त्या शाळेत गणिताच्या मास्तरांनीही कधी घेतला नसेल.

‘आता सांगा पोट्टेहो,’ भाऊ म्हणाले, ‘जुगारात जिंकते कोण?’

तिसऱ्या रांगेतला सातवीतला एक पोरगा हात वर करून उठला.

‘तुमी, भाऊ.’

मुख्याध्यापक जागेवरून अर्धे उठले. ठाणेदारसाहेबांनी टोपी नीट केली. भाऊंनी मात्र खिशातून पाचशेची नोट काढली, पोराला जवळ बोलावलं, त्याच्या हातात दिली, पाठ थोपटली आणि फोटोवाल्याकडे बघितलं. फोटो झाल्यावर मुख्याध्यापकांच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं,

‘कोणाचा आहे जी हा? हिशेबात पक्का दिसते. बारावी झाली का माझ्याकडं पाठवा.’